प्लास्टिकच्या डायमधून ८६६ मेगाहर्ट्झचा फिल्टर : भांडुपच्या गाळ्यातल्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मुलुंडच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाक्यांवर लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) सेन्सर बसवले आहेत. गच्चीवर त्यांचे निरोप घेणारा गेटवे आहे. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून सगळं त्याच पट्ट्यात चालतं. अडचण समोरच्या इमारतीची आहे. तिच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि ९०० च्या बँडमध्ये टॉवर ९३५ ते ९६० वर बोलतो. त्याचा जोर इतका की गेटवेचा रिसीव्हर बधिर होतो. पंपरूममधला सेन्सर १०० निरोप पाठवतो, त्यातले ६१ पोचतात. हे मी आठवडाभर मोजलं.

अँटेना आणि गेटवे यांच्यामध्ये एक फिल्टर हवा, म्हणजे आपल्या लहरी जाऊ देणारा आणि टॉवरच्या अडवणारा डबा. ८६६ वर मध्य, साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदी, दोन रेझोनेटर (ठरावीक वारंवारतेलाच घुमणारे भाग). हिशेबाने ९३५ वर तीसेक डीबीची (डेसिबल; ३० म्हणजे जोर हजारपट कमी) अडवणूक मिळायला हवी. ॲल्युमिनियम मिलिंग करून असा फिल्टर सहज होतो, पण मला पुढे असे पन्नास-साठ लागणार आहेत आणि प्रत्येक नगाला मिलिंगचे तास मोजणं परवडणार नाही. शिवाय डबा लहान हवा. म्हणून प्लास्टिक मोल्ड करून त्यावर धातू चढवायचं ठरवलं. चुका आणि पैसे दोन्ही इथे लिहीत जाणार आहे. हे काम करायला निघालेल्या दुसऱ्या कोणाचा तरी पावसाळा वाचेल.

२१ जून

पहिला विचार असा होता: प्लास्टिकचा भरीव ठोकळा, मधून आरपार भोक, बाहेरून आणि भोकातून तांबं. झाला पाव-लहरीचा रेझोनेटर. हवेत पाव लहर ८६ मिलीमीटर भरते. प्लास्टिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ लहर किती आखडतो त्याचा आकडा) वाढवला की त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ती आखूड होते. साध्या एबीएस या कडक प्लास्टिकचा स्थिरांक २.८ च्या आसपास. तो वाढवायला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रुटाइल, ज्याचा स्वतःचा स्थिरांक शंभराच्या घरात आहे.

पावडर आणून दाण्यात मिसळायची गरजच नाही. प्लास्टिकवाले पांढऱ्या रंगासाठी जी मास्टरबॅच (रंग ठासून भरलेला दाणा) वापरतात, तिच्यात हेच असतं. एबीएसच्या पायावरची ५० टक्के भरणीची मास्टरबॅच घेतली आणि तीच, काही न मिसळता, थेट मोल्ड केली. ती आणि पुढच्या कामासाठी प्लेटिंग ग्रेड एबीएस ५ किलो सुटं, दोन्हींचा मिळून खर्च १,४०० रुपये.

डाय, म्हणजे साचा, एका पोकळीची, ॲल्युमिनियमची: १४ बाय १४ बाय ४०, मध्ये ४ मिलीमीटरचा कोअर. डायवाल्या काकांनी ९,००० घेतले.

पहिले वीस शॉट वाया. सगळ्यांवर चंदेरी रेघा. काकांनी एक नग हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "दाणा ओला आहे. जून महिना आहे, गोणी उघडी ठेवलीस ना रात्रभर?" ठेवली होती. एबीएस हवेतलं पाणी ओढतं आणि बॅरलमध्ये त्याची वाफ होते. ८० अंशांवर चार तास दाणा सुकवला, रेघा गेल्या. तेव्हापासून सुकवलेला दाणा गरम असतानाच हॉपरमध्ये टाकतो आणि झाकण लावतो. मुंबईत जून ते सप्टेंबर ही पायरी टाळायचा विचारही करू नका.

२ जुलै

नग बाहेरून सारखे, वजनात वेगळे. दागिन्यांच्या काट्यावर एकेक ठेवला: चांगले १२.३ ग्रॅम, काही ११.८. हलका नग करवतीने कापला, तर आत वाटाण्याएवढा पोकळ बुडबुडा. जाड भाग बाहेरून आधी थिजतो, आतला माल नंतर आकसतो आणि मध्ये जागा सुटते. प्रेशर धरून ठेवायचा वेळ सहा सेकंदांवरून अठरावर नेला आणि गेट (डायमध्ये माल शिरायचं तोंड) मोठा केला. आता दहातले आठ नग १२.२ च्या वर आहेत. बाकीचे बाजूला. आत बुडबुडा असलेला नग वारंवारतेत वर सरकणार, त्याला ट्यून करत बसण्यात अर्थ नाही.

११ जुलै

प्लेटिंग होऊन आलं. वसईच्या एका प्लेटिंगवाल्यांकडे दिलं होतं. ते गाड्यांचे लोगो, नळांच्या मुठी, असलं शोभेचं काम करतात. "फक्त तांबं पाहिजे, वर निकेल-क्रोम नको," असं मी दोनदा सांगितलं होतं आणि नग दिसायला सुरेख, तांबूस आले. लॉटचे २,५००.

क्यू मोजला. रेझोनेटर ऊर्जा किती कमी वाया घालवतो त्याचा हा आकडा, जास्त तितका चांगला. पद्धत साधी: दोन्ही बाजूंनी अगदी लांबून, हलकं कपलिंग (जोड) ठेवायचं, नॅनोव्हीएनएवर (कुठल्या वारंवारतेला किती लहर पार होते ते दाखवणारं छोटं यंत्र) शिखर पाहायचं, शिखरापासून ३ डीबी खाली रुंदी किती ते मोजायचं आणि वारंवारतेला तिने भागायचं. रुंदी ११.१ मेगाहर्ट्झ. क्यू ७८.

दोन रेझोनेटर, २० मेगाहर्ट्झ रुंदी आणि क्यू ७८ असेल तर फिल्टर स्वतःच जवळजवळ ७ डीबी खातो. टॉवर अडवायला जाऊन आपलेच सेन्सर बुडतील.

रात्री एका नगाच्या कडेला ब्लेडचं टोक घालून प्लेटिंगचा एक तुकडा उचकटला. नखाएवढा पापुद्रा निघाला. वरून तांबडा, उलटा केला तर खालून पांढरट चंदेरी. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरून उडेल इतका हलका. त्याच्यावर लहान निओडायमियम चुंबक धरला, तर पापुद्रा टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटला.

म्हणजे तांब्याखाली निकेल आहे. सकाळी फोन केला. शेठ म्हणाले, "अहो, निकेल स्ट्राइक (निकेलचा पातळ थर) दिल्याशिवाय ॲसिड कॉपर (विजेने चढवायचं तांबं) चढवता येतच नाही. खालचा केमिकल निकेलचा थर विरघळून जातो. सगळ्यांनाच देतो आम्ही." त्यांचं त्यांच्या कामापुरतं बरोबरच आहे. मी विचारलं होतं वर काय हवं ते, खाली काय आहे ते विचारलंच नव्हतं.

भरीव ठोकळ्यात विद्युतक्षेत्र प्लास्टिकच्या आत असतं. त्यामुळे करंट धातूच्या त्या अंगाने वाहतो जे प्लास्टिकला टेकलेलं आहे. ८६६ वर तांब्यात करंट जेमतेम सव्वादोन मायक्रॉन खोल जातो. दोनेक मायक्रॉन निकेल असेल, आणि तेही चुंबकीय, तर करंट तिथेच अडकतो. वर पंचवीस मायक्रॉन तांबं असलं काय नि नसलं काय.

१३ जुलै, रविवार

सगळं खापर निकेलवर फोडण्याआधी खात्री करून घेतली. एका नगाचं प्लेटिंग पूर्ण खरवडून काढलं, भोकात ४ मिलीमीटरची तांब्याची नळी घट्ट बसवली, बाहेरून शुद्ध तांब्याची फॉइल चिमट्यांनी दाबून गुंडाळली. क्यू १०४.

म्हणजे निकेलने खाल्लं खरं, पण मोठा वाटा प्लास्टिकचाच आहे. एबीएसचा लॉस टँजंट (पदार्थ लहरींची ऊर्जा किती खातो त्याचं माप) आणि वर रंगासाठी बनवलेली रुटाइल यांच्यामुळे क्यू शंभराच्या फार वर जाणारच नाही, धातू सोन्याचा लावला तरी. पॉलिस्टायरीन आणि पॉलीप्रोपिलीन यांचा लॉस कितीतरी कमी. पण एबीएसमधलं ब्युटाडीन क्रोमिक ॲसिडमध्ये विरघळून जे सूक्ष्म खड्डे पडतात, त्यांतच धातू रुतून बसतो. साध्या पॉलीप्रोपिलीनला ते खड्डेच पडत नाहीत आणि प्लेटिंग धरत नाही. जे प्लास्टिक धातू धरतं ते लहरी खातं, जे लहरी खात नाही ते धातू धरत नाही. महिनाभर मी या कोंडीत होतो हे आज कळलं.

उपाय म्हणजे आतलं बाहेर करणं. प्लास्टिकचा पोकळ डबा, त्याला आतून तांबं, मध्ये हवा. मग विद्युतक्षेत्राला प्लास्टिक दिसतच नाही, त्याचं काम फक्त आकार धरून ठेवण्याचं. आणि करंट तांब्याच्या उघड्या अंगाने वाहील, खालचं निकेल त्याच्या वाटेत येणार नाही. ठोकळ्याची डाय आणि ९,००० रुपये कपाटात.

२० जुलै

नवा आराखडा. दोन खोल्या शेजारी शेजारी, प्रत्येक आतून २० बाय २० मिलीमीटर आणि ४७ खोल. मध्यभागी तळातून उगवलेला ८ मिलीमीटरचा खांब, ४५ उंच, डब्यासोबतच मोल्ड होणारा. खांबाला वरून ५ मिलीमीटरचं भोक, त्यात झाकणातून एम४ चा पितळी स्क्रू उतरतो. त्या स्क्रूने मिळणाऱ्या पावणेतीन-तीन पिकोफॅरड कपॅसिटन्समुळे ८६ मिलीमीटरची पाव लहर ४५ मध्ये मावते. बाहेरून सगळं ४८ बाय २५ बाय ५२.

झाकणाचा सांधा मुद्दाम खांबाच्या मोकळ्या टोकाकडे ठेवला आहे. तिथे करंट सगळ्यात कमी, त्यामुळे झाकण थोडं सैल बसलं तरी चालतं. तळाशी सांधा ठेवणारे पस्तावतात, कारण करंटचा सगळा जोर खांबाच्या बुडाशी असतो.

दोन खोल्यांमधल्या भिंतीतली खिडकी हिशेबापेक्षा मोठी ठेवायला सांगितली. डायमधून धातू कापून काढणं सोपं, भरणं अवघड. डायचा धातू कापला की नगात प्लास्टिक वाढतं आणि खिडकी लहान होते. काकांना हे सांगायची गरज पडली नाही, त्यांनीच आधी विचारलं, "मोठ्याकडून छोट्याकडे ना?"

डायचे ३२,०००. जुलै संपेपर्यंत थांबा म्हणाले.

१६ ऑगस्ट

पहिला शॉट. डाय उघडली तर डबा बाहेर आला आणि दोन्ही खांब डायमध्येच राहिले, बुडापासून मोडून. दुसरा शॉट, तेच. तिसऱ्याला एक खांब आला, तोही वाकडा.

खांबाच्या पोकळीला ड्राफ्ट (नग सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार) अर्धा अंश होता. मीच रेखाटनात तसा लिहिला होता, कारण सरळ खांबाचा हिशेब सोपा जातो. ४५ मिलीमीटर खोलीला तो फार कमी. काकांनी मला डायमध्ये बोट घालायला लावलं. टूलच्या आडव्या रेघा नखाला लागत होत्या. प्लास्टिक आकसून त्या रेघांना धरून बसतं. दीड अंश ड्राफ्ट आणि पॉलिश उभ्या दिशेने, म्हणजे नग निघतो त्याच दिशेने, असं ठरलं. त्यात खांबाच्या बुडाला दीड मिलीमीटरची गोलाई पण मागून घेतली. ३,५०० जादा.

दीड अंशामुळे खांब बुडाशी जाड आणि वर बारीक होतो. वारंवारता थोडी सरकली, ती स्क्रूने भरून निघते.

१९ ऑगस्ट

कालपासून कोसळतोय. पाणी भरलं, लोकल थांबल्या. गाळ्यात घोटाभर पाणी. डाय वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. सुकवलेला दाणा वाचला नाही.

२४ ऑगस्ट

डाय आता छान सोडते. चाळीस नग काढले. एकेक ३० ग्रॅमच्या आसपास. बावीस नग वसईला पोचवले. डायवाले काका उद्या गणपतीला कोकणात, प्लेटिंगवाल्यांचे अर्धे कारागीर सुट्टीवर. बारा-तेरा दिवस सगळं ठप्प, ते धरूनच चाललो आहे.

९ सप्टेंबर

बावीसच्या बावीस नग फोडांनी भरलेले. तांब्याखाली हवा धरल्यासारखे फुगे, बोट फिरवलं तर करकर वाजतात. एका नगाच्या भिंतीवरून अख्खी चादर सोलून निघाली, सीताफळाचं साल निघावं तशी. खालचं प्लास्टिक गुळगुळीत, चकचकीत. ॲसिडने त्याला शिवलेलंच नव्हतं.

शेठनी विचारलं, "डायला स्प्रे मारता का?" मी नाही म्हणालो. मोल्डिंगच्या मुलाला विचारलं, तर त्याने मशीनमागून सिलिकॉन स्प्रेचा डबा काढून दाखवला. मागचे नग अडकत होते म्हणून तो बिचारा दर चौथ्या शॉटला मारत होता. त्याची चूक नाही, प्लेटिंगचा माल आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. नगावर बसलेला सिलिकॉनचा पातळ थर सहजासहजी धुतला जात नाही.

लॉटचे २,५०० आणि पंधरा दिवस गेले. डाय आता रॉकेलने, मग थिनरने, मग गरम साबणाच्या पाण्याने धुतली. मशीनवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "स्प्रे बंद. प्लेटिंगचा माल."

१८ सप्टेंबर

या वेळी पाठवण्याआधी तपासणी केली. ग्लेशियल (पाणी न मिसळलेल्या) ॲसेटिक ॲसिडमध्ये एक नग अर्धा मिनिट बुडवायचा, लगेच पाण्याखाली धरायचा, पुसायचा. जिथे मोल्डिंगचा ताण साठलाय तिथे पांढरे चट्टे आणि केसासारख्या भेगा दिसतात, आणि अशा जागी प्लेटिंग नीट धरत नाही. गेटजवळ चांगलाच पांढरा डाग आला. इंजेक्शन हळू केलं, डाय ६० अंशांवर गरम ठेवली, नग काढल्यावर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन तास ठेवले. दुसऱ्या चाचणीत डाग पुसट झाला. ॲसेटिक ॲसिडची वाफ नाकात गेली तर डोकं सुन्न होतं, हे काम गॅलरीत, हातमोजे घालून करा.

आणि प्लेटिंग घरी करायच्या फंदात पडू नका. एचिंगचं क्रोमिक ॲसिड म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सर करणारं. त्याचं सांडपाणी सांभाळायची सोय असलेल्या माणसाकडेच द्यावं.

२७ सप्टेंबर

पकड उत्तम. ब्लेडने उचकटूनही सुटत नाही. क्यू मोजला: रुंदी २.८ मेगाहर्ट्झ, क्यू ३१०.

हिशेबाने हजाराच्या वर जायला हवा होता. निकेल वाटेत नाही, प्लास्टिक वाटेत नाही, मग कुठे जातंय?

मोबाइलचा टॉर्च खोलीत सरळ खाली धरला. वरच्या काठाला भिंत लालभडक तांबडी. खाली जाताना रंग फिका होत जातो, आणि तळाशी, खांबाच्या बुडाभोवती, राखाडी-पांढरं वर्तुळ. तिथे तांबं नाहीच, निकेल उघडं आहे. नग उभा कापला, पॉलिश पेपरवर १२०० पर्यंत घासला आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिला. काठाला ३० मायक्रॉन, मध्यावर ९, तळाच्या कोपऱ्यात मोजण्यासारखं काही दिसलं नाही.

कारण उघड आहे. भिंत आणि खांब यांच्यात ६ मिलीमीटरची फट आणि ती ४५ खोल. प्लेटिंगच्या टाकीत विजेची ओढ सगळी काठावर, खोल कोपऱ्यात पोचतच नाही. आणि फिल्टरमध्ये करंटचा सगळा जोर नेमका त्याच कोपऱ्यात. जिथे तांबं सगळ्यात जास्त हवं तिथे ते सगळ्यात कमी.

५ ऑक्टोबर

शेठकडे जाऊन बसलो. कापलेला नग, टॉर्च, सगळं सोबत नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. शोभेच्या कामात आतली बाजू कोणी बघत नाही, म्हणून त्यांच्यावर ही वेळ कधी आलीच नव्हती. पण माणूस कामाचा. पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "आत ॲनोड सोडावा लागेल."

ठरलं ते असं. प्रत्येक खोलीत, खांबाच्या दोन बाजूंना, २ मिलीमीटरची तांब्याची तार. तारेवर प्लास्टिकच्या जाळीची नळी, म्हणजे भिंतीला टेकून शॉर्ट होणार नाही. तार तळापासून ५ मिलीमीटर वर थांबते. नग तोंड वर करून टांगायचा, नाहीतर आत हवा अडकते. करंट नेहमीच्या निम्म्याहून कमी, वेळ दुपटीहून जास्त. आणि दर अर्ध्या तासाला पिचकारीने आत ताजं द्रावण सोडायचं.

पूर्ण थर केमिकल कॉपरनेच चढवला तर तो कोपऱ्यातही सारखा बसतो, कारण त्याला बाहेरची वीज लागतच नाही. पण त्यांच्याकडे ती लाइन नाही, आणि दहा मायक्रॉन चढायला बरेच तास लागतात. ज्यांच्या जवळपास पीसीबीचे प्लेटिंगवाले असतील त्यांनी आधी तिकडे विचारावं.

हाताचं काम जास्त म्हणून लॉटचे ४,००० मागितले. घासाघीस केली नाही.

१५ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधी नग हातात आले. टॉर्च धरला. तळापर्यंत तांबडं. एका ठिकाणी, तार जिथे वाकली होती तिथे, थोडा खरबरीत फुगवटा आहे, बाकी स्वच्छ.

क्यू ९०५. रुंदी ०.९६ मेगाहर्ट्झ. तीनदा मोजला, केबल बदलून मोजला.

१८ ऑक्टोबर

जोडणीत एक नग घालवला. कनेक्टरची मधली तार खांबाला सोल्डर करायला गेलो. सोल्डर वितळण्याआधी एबीएस मऊ पडलं आणि तांबं फुगून वर आलं. १३८ अंशांवर वितळणारं बिस्मथवालं सोल्डरही वापरून पाहिलं, तेही एबीएसला जास्तच होतं. शेवटी खांबाला एम२ चं भोक पाडलं, तारेला टिनचा लग आणि पितळी स्क्रू. एसएमए कनेक्टरचा फ्लँजही स्क्रूनेच. डब्याला सोल्डरिंग आयर्न आता लावतच नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोन स्क्रू ट्यूनिंगचे, एक खिडकीतला कपलिंगचा. पहिल्या फिल्टरला दोन तास लागले, तिसऱ्याला वीस मिनिटं. आधी दोन्ही स्क्रू फिरवून शिखरं एका जागी आणायची, मग खिडकीचा स्क्रू, मग पुन्हा पहिले दोन. खिडकी मोठी ठेवल्याचा फायदा झाला, तिच्यासाठी डायला एकदाही परत हात लावावा लागला नाही.

८६६ वर लॉस ०.८ डीबी. ९३५ वर अडवणूक ३१. झाकणासकट वजन ४६ ग्रॅम.

२ नोव्हेंबर

उन्हाची चाचणी. एबीएस तापल्यावर ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट फुगतं, ही धास्ती सुरुवातीपासून होती. फिल्टर दुपारभर गच्चीवर राखाडी डब्यात बंद ठेवला. आत ५८ अंश. सकाळी २५ अंशांना जिथे मध्य होता तिथून २.२ मेगाहर्ट्झ खाली सरकला. २० च्या रुंदीत हे खपून जातं. पाच मेगाहर्ट्झ रुंदीचा फिल्टर करायचा असेल तर एबीएस घेऊ नका. बाहेरचा डबा मी पांढरा रंगवला, आतलं तापमान ५० च्या खाली राहू लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार

मुलुंडच्या गच्चीवर बसवून आठवडा झाला. पंपरूमचा सेन्सर: १०० पैकी ९३. जवळच्या टाक्यांचा एकही निरोप चुकला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी काका रोज सकाळी मोबाइलवर पातळी बघून वॉचमनला पंप बंद करायला सांगतात. आधी ते माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवत नव्हते आणि वॉचमनला वर पाठवून खात्री करून घेत. चार दिवसांपासून त्यांनी ते थांबवलं आहे.

आतापर्यंतचा खर्च: ठोकळ्याची डाय ९,०००, दाणा १,४००, डब्याची डाय ३२,०००, तिची दुरुस्ती ३,५००, प्लेटिंगचे चार लॉट मिळून ११,५००, मोल्डिंगचं भाडं तीन वेळचं ३,६००, कनेक्टर आणि स्क्रू २,२००. एकूण ६३,२००. ठोकळ्याची वाट धरली नसती आणि स्प्रेची चौकशी आधी केली असती, तर साधारण १७,००० रुपये आणि दोन महिने वाचले असते.

२३ नोव्हेंबर, रविवार

एक प्रश्न मुंबईचा खास आहे: खारी हवा. वर्सोव्याला मित्राच्या गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून, दोन नग टांगले आहेत. एकाला आतून पातळ ॲक्रिलिक लॅकर मारलं, दुसरा उघडा. दोघांच्या झाकणाला मुद्दाम बारीक भोक ठेवलं. लॅकरमुळे क्यू सुरुवातीलाच ९०० वरून ८७० झाला.

आज दोन आठवडे झाले. उघड्या नगाचं तांबं काठाला काळपट-तपकिरी पडलंय, क्यू ८४०. लॅकरवाला ८६५. तळाच्या कोपऱ्यात टॉर्चने पाहिलं, तिथे दोघांचाही रंग अजून कोरा आहे. पुढचं माप ७ डिसेंबरला.